तुकडी, तलब आणि तांडा

१५ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजेचा एक भाग जालन्यात एक कंपनी ठेवून लातूरकडे आणि तिथून मोमिनाबादकडे, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे वळला. मोमिनाबादला निजामाच्या तिसऱ्या गोवळकोंडा लान्सर्सने नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रे खाली ठेवली. हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या या पोलीस ॲक्शनच्या इतिहासात या घटनेला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. पण जे सैन्य शरण गेले आणि ज्याला शरण गेले, त्या दोघांच्या बांधणीत फार मोठे अंतर होते. त्या अंतराकडे आपले लक्ष जात नाही, याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. वर्तमानपत्रांत दहा पोलिसांची ‘तुकडी’ असते आणि पंधरा हजार सैनिकांची डिव्हिजन हीसुद्धा ‘तुकडी’च असते. डिव्हिजन म्हणजे एक मोठी तुकडी, असा समज त्यातून पक्का होतो. प्रत्यक्षात पायदळाच्या डिव्हिजनमध्ये साधारणपणे तीन ब्रिगेड आणि प्रत्येक ब्रिगेडमध्ये तीन पलटणी असतात. त्याखेरीज तिचा स्वतःचा तोफखाना असतो, पूल बांधणारे सफरमैना असतात, संदेशवहन, दवाखाना, गाड्या दुरुस्त करणारे कारागीर आणि रसद वाहणारा ताफा असतो. हे सगळे एका सेनापतीच्या हाताखाली. शेजारच्या सैन्याची मदत न मागता काही दिवस चालू शकेल, लढू शकेल आणि जेवू शकेल, अशी ती जोडणी आहे.

‘जेवू शकेल’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. नांदेड-लातूरच्या मुलुखावरून गेल्या चारशे वर्षांत जी सैन्ये गेली, त्यांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सैन्याचा मूळ घटक किती माणसांचा, हे कागदावरच्या आकड्याने ठरलेले नाही. घोड्याला चंदी कोण देतो आणि शिपायाची तलब कोणाच्या हातून मिळते, यावर ते ठरत आले आहे. पोसणारा हात बदलला की तुकडीची जात बदलली. डिव्हिजन ही या बदलाची आधुनिक अवस्था आहे, आणि तिच्याआधीच्या बहुतेक अवस्था याच प्रदेशात प्रत्यक्ष पाहायला मिळतात.

सुरुवात शिवाजी महाराजांच्या घोडदळापासून करावी लागते. बखरकार सभासदाने दिलेली रचना शाळेतल्या पुस्तकांमुळे बहुतेकांना ठाऊक असते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. या उतरंडीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला मात्र तिच्या अगदी तळाची एक नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी वाहणारा आणि घोड्याचे नाल ठोकणारा ही माणसे लढणारी नव्हेत. तरी ती सर्वांत लहान घटकातच बसवलेली होती. पंचवीस घोडी कुठेही पाठवली तरी त्यांचे पाणी आणि त्यांचे खूर यांची सोय त्यांच्याबरोबरच जाई. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, पगार सरकारी खजिन्यातून किंवा खजिन्यावरच्या वरातीने. त्यामुळे हवालदार बदलला तरी पंचवीसांचा गट मोडत नसे, आणि पाच गट एका मोहिमेवर व पाच दुसऱ्या मोहिमेवर धाडणे सेनापतीच्या अखत्यारीत राही. डिव्हिजनमागचे तत्त्व हेच आहे.

मग ते टिकले का नाही? राजारामाच्या काळात खजिना रिता होता, महाराज जिंजीला होते आणि मोगल मराठी सरदारांना मनसबी देऊ करत होते. अशा वेळी सरंजाम देऊन माणसे आपल्याकडे ठेवणे हाच मार्ग उरला होता. त्या निर्णयाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यावर राज्य वाचले. पण तेव्हापासून मराठी सैन्याचा घटक हवालदाराची पंचविशी राहिली नाही, सरदाराचे पथक हा घटक झाला. पथकाचा आकार सरंजामाच्या उत्पन्नावर ठरू लागला. अमक्या परगण्याचा वसूल इतका, म्हणून इतके स्वार. लढाईला किती हवेत, हा प्रश्न मागे पडला.

दुसऱ्या बाजूला मोगलांची आणि पुढे निजामाची रीत मुळातच अशी होती. मनसबदाराला जात आणि सवार असे दोन आकडे मिळत; सवार या आकड्याइतके घोडेस्वार त्याने जहागिरीच्या वसुलातून बाळगावेत, अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात कमी स्वार ठेवून पूर्ण वसूल खाण्याचा मोह इतका मोठा होता, की घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचे चेहरे नोंदवण्याची पद्धत सुरू करावी लागली. सैन्य मोजण्यासाठी आधी ते चोरीला जाऊ नये याचा बंदोबस्त करावा लागणे, यातच त्या घटकाचा स्वभाव कळतो. १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहा भाऊ कामबक्षावर चालून जाताना नांदेडच्या मुलुखात आला. गुरू गोविंदसिंग त्याच छावणीबरोबर नांदेडला पोहोचले आणि त्याच वर्षी गोदाकाठी त्यांचे देहावसान झाले. बादशाही छावणी म्हणजे बाजार, कारखाने, जनानखाना आणि अनेक मनसबदारांची वेगवेगळी बिऱ्हाडे यांचे एक चालते शहर. तिचे तुकडे करून एकाच वेळी तीन वाटांनी पाठवणे सोपे नव्हते, कारण प्रत्येक बिऱ्हाड आपल्या धन्याचे होते.

या छावण्यांना धान्य पुरवणारे लोक कोणत्याच सैन्याचे नव्हते. नांदेड, लातूर, यवतमाळ या पट्ट्यात आज जे बंजाऱ्यांचे तांडे दिसतात, त्यांच्या पूर्वजांचा हा धंदा होता. पाठीवर गोण्या घातलेल्या बैलांचे मोठमोठे कळप घेऊन तांडा सैन्याच्या मागे चाले. सतराव्या शतकात आसफखानाच्या दख्खन मोहिमेबरोबर भंगी आणि जंगी या नाईकांचे एक लाख ऐंशी हजार बैल होते, असे परंपरा सांगते. आकडा अक्षरशः खरा मानण्याची गरज नाही. पण परंपरेला तो सांगावासा वाटला, यातून सैन्य आणि तांडा यांचे नाते कळते. लढणाऱ्या दोन्ही बाजू बंजाऱ्यांना सहसा हात लावत नसत, कारण आज शत्रूला धान्य विकणारा उद्या आपल्याला विकणार असतो. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजाही याच बैलांवर जगल्या. थोडक्यात, तीनशे वर्षे दख्खनच्या सैन्यांचे पोट सैन्याबाहेरच्या माणसांच्या हाती होते. लष्कराच्या इतिहासात बंजाऱ्यांना तळटीपेत टाकले जाते, हे मला अन्यायाचे वाटते. आजच्या डिव्हिजनमधला रसदीचा ताफा ज्यांचे काम करतो, ते हे लोक.

आता उदगीर. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी सलाबतजंग आणि निजामअली यांची फौज उदगीर आणि औसा यांच्या दरम्यान कोंडली. निजामाचे सैन्य तोफा बाहेरच्या कडेला आणि सामान मधोमध ठेवून धारूरच्या दिशेने सरकत होते. मराठी स्वारांनी भोवती फिरून दाणावैरण बंद केली आणि अखेर जोराचा हल्ला चढवला. तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी ठाणी मिळाली. माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप इथेच येतो. सरंजामी पथकांचे सैन्य इतके सदोष होते तर ते उदगीरला कसे जिंकले? त्याचे उत्तर नकाशात आहे. उदगीर हे मराठ्यांच्या रसदीच्या टापूत होते, आणि शत्रूची रसद तोडणे ही पथकांची सर्वांत मोठी ताकद होती. विखुरलेले सैन्य वेढायला उत्तम. एके ठिकाणी उभे राहून लढायला आणि घरापासून लांब पोट भरायला ते अपुरे पडते. हे सिद्ध व्हायला वर्षही लागले नाही. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर तेच भाऊ, तीच पथके. फक्त उपासमार आता आपल्या छावणीत होती.

उदगीरच्या रणात आणखी एक गोष्ट घडली होती. भाऊंच्या बाजूला इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच सेनापती बुसीच्या कवायती परंपरेत तयार झालेला हा सरदार आधी निजामाच्या चाकरीत होता. तिथून तो आपल्या पलटणी आणि तोफा घेऊन पेशव्यांकडे आला. ‘गारदी’ हा शब्द फ्रेंचांकडून आला, ‘पलटण’ही युरोपातून आला, पण या परक्या शब्दांतली माणसे जुन्याच नियमाने जगत होती. पगार सेनापतीकडून मिळे, म्हणून सेनापती गेला की पलटणही गेली. पानिपतावर इब्राहिमखानाने आपल्या पायदळाची गोलाची लढाई नेटाने लढवली; मात्र विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार उतावीळपणे पुढे घुसले आणि गारद्यांच्या तोफांना आपलेच लोक आड आले, असे वर्णन मिळते. घोडदळ आणि कवायती पायदळ एकाच मैदानावर होते, पण एका घटकात नव्हते. बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात शिरलेल्या गारद्यांनी थकलेल्या तलबेचे निमित्त पुढे केले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कटामागचे हात वेगळे होते हे खरे. तरीही तलबेची तक्रार घेऊन सशस्त्र पलटण धन्याच्या वाड्यात शिरते आणि कोणाला ते अशक्य वाटत नाही, हे त्या काळाच्या लष्करी घडीबद्दल पुष्कळ सांगून जाते.

खर्ड्याची लढाई याच चुकीची निजामाकडची आवृत्ती होती. ११ मार्च १७९५ रोजी निजामाचा फ्रेंच सरदार रेमंड याच्या कवायती पलटणी चांगल्या लढत होत्या, पण निजामाचे घोडदळ मागे हटले आणि धास्तावलेल्या निजामाने पायदळालाही माघारी बोलावले. तीन वर्षांनी रेमंड वारला आणि त्याच वर्षी, १७९८ मध्ये, इंग्रजांनी ती फौज बरखास्त करवली. एक माणूस गेला आणि अख्खे सैन्य संपले.

युरोपात याच सुमारास वेगळा प्रयोग चालू होता. उदगीरच्या लढाईच्या आसपास, सात वर्षांच्या युद्धात, फ्रेंच सेनापती ब्रॉग्लीने आपली फौज ठराविक विभागांत वाटून वेगवेगळ्या रस्त्यांनी चालवायला सुरुवात केली. पुढे क्रांतीच्या काळात, १७९३-९४ मध्ये, पायदळ, घोडदळ आणि तोफा एकत्र असलेली डिव्हिजन फ्रान्समध्ये रूढ झाली. आपल्याकडे डी बॉयन या युरोपीय सेनानीने महादजी शिंद्यांसाठी उभारलेले कंपू या कल्पनेच्या अगदी जवळ होते. एकेका कंपूत पलटणींबरोबर तोफा, नियमित स्वार आणि सामान वाहणारे बैल होते, आणि पगार वेळेवर मिळावा म्हणून स्वतंत्र मुलूख तोडून दिलेला होता. म्हणूनच २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याजवळ असईला इंग्रज सेनापती वेलस्लीला जी लढत मिळाली, ती त्याला हिंदुस्थानात दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती. तरीही शिंद्यांचे आणि भोसल्यांचे प्रचंड घोडदळ त्या दिवशी जवळजवळ बघत राहिले. कंपू आतून जोडलेला होता. सबंध सैन्य मात्र जोडलेले नव्हते.

यानंतर मराठवाड्यात जे घडले त्याला महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात फारशी जागा मिळालेली नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. १८०० च्या तहाने निजामाने युद्धकाळात इंग्रजांना सहा हजार पायदळ आणि नऊ हजार स्वार पुरवायचे मान्य केले होते. १८०३ च्या युद्धात ते सैन्य कुचकामी ठरले, असा इंग्रजांचा शेरा पडला. मग रेसिडेंट हेन्री रसेलने १८१३ मध्ये हैदराबादेत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली रसेल ब्रिगेड उभी केली. त्यातून आणि वऱ्हाड-औरंगाबादकडच्या फौजांतून हैदराबाद कंटिन्जंट तयार झाली. हिंगोली, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद, एलिचपूर इथे तिच्या छावण्या बसल्या. तिची एक कठीण परीक्षा आजच्या नांदेड जिल्ह्यात झाली. हदगावकडच्या नव्हा गावच्या गढीत हटकरांचा नायक नौसाजी अरब शिपायांसह ठाण मांडून होता. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनने गढीला वेढा घातला, तोफांनी आणि सुरुंगाने तट फोडला आणि महिनाअखेर हल्ला करून ती घेतली. आतले बहुतेक लोक मारले गेले. पायदळ, तोफा, सुरुंग लावणारे आणि बाहेरची वाट रोखणारे स्वार एका अधिकाऱ्याच्या हुकमाखाली होते. सव्वातीन आठवड्यांत निकाल लागण्याचे कारण मला त्यातच दिसते. ‘नव्हा’ हे नाव इंग्रजी वर्णांतरातून या पलटणींच्या रणसन्मानांत गेले, आणि त्यांचा वारसा सांगणाऱ्या कुमाऊँ रेजिमेंटच्या इतिहासात आजही आहे. हिमालयातल्या रेजिमेंटच्या इतिहासात नांदेड जिल्ह्यातले एक गाव! आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे?

पण पोसणारा हात कोणाचा होता? हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा, अशी ही विचित्र विभागणी होती. शांततेच्या काळातही ही महागडी फौज बाळगण्याचे बंधन मूळ तहात नव्हते. दिवाण चंदुलाल मात्र पैसे देत राहिला. पैसे नव्हते तेव्हा विल्यम पामरच्या पेढीने भारी व्याजाने ते उभे केले. १८२० मध्ये तर साठ लाखांच्या कर्जाचा व्यवहार झाला. शेवटी कंपनी सरकारच सावकार बनले, आणि २१ मे १८५३ च्या तहाने पगाराच्या थकबाकीपोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाच्या हातून काढून घेण्यात आले. तहात कंटिन्जंटचा आकारही ठरला: किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. तलबेचा हिशेब प्रांताचा नकाशा कसा बदलतो, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. पूर्वी मुलुखाच्या वसुलावर पथक ठरत होते; इथे पथकाच्या खर्चावर मुलूख ठरला.

कंटिन्जंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. स्वाराने घोडा आणि सामान आपले आणायचे किंवा त्याचे पैसे भरायचे, आणि त्या बदल्यात जादा पगार घ्यायचा. मराठी ‘शिलेदार’ हा शब्द ‘सिलेदार’ होऊन इंग्रजी लष्करी परिभाषेत जाऊन बसला आणि पहिल्या महायुद्धानंतरपर्यंत टिकला. सरकारला ही पद्धत स्वस्त पडे. पण युद्धात घोडी भराभर मरू लागली तेव्हा स्वतःच्या खर्चाने घोडा आणणाऱ्या स्वाराच्या जिवावर मोठे सैन्य चालत नाही, हे उघड झाले आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मोडीत निघाली. डिव्हिजनच्या जमान्यात एखादा घटक स्वतःचे पोट स्वतः भरतो, ही गुणाची गोष्ट राहिली नव्हती, कारण मग तो घटक दुसऱ्याशी जोडता येत नाही.

१९०२ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये सरसेनापती किचनरच्या पुनर्रचनेत कंटिन्जंट संपली. तिच्या पलटणी ९४ ते ९९ या क्रमांकांनी हिंदी सैन्यात मिसळल्या, घोडदळाचे २० वे डेक्कन हॉर्स आणि इतर रिसाले झाले. हिंगोली आणि मोमिनाबादच्या तिच्या छावण्या उठल्या. किचनरचा हेतू स्पष्ट होता. सैन्य ठिकठिकाणच्या ठाण्यांत बंदोबस्तासाठी विखुरलेले न ठेवता युद्धात जशी डिव्हिजन असेल तशीच ती शांततेत उभी करायची. यात मराठवाड्याची छावण्यांची बाजारपेठ गेली, आणि हळूहळू भरतीही गेली. १९२२ मध्ये या पलटणी १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये एकत्र झाल्या तेव्हा नावात हैदराबाद होते, पण शिपाई मोठ्या प्रमाणात कुमाऊँचे, जाट आणि अहीर येऊ लागले होते. २७ ऑक्टोबर १९४५ रोजी नावही बदलून कुमाऊँ झाले. तिच्याच चौथ्या बटालियनचे मेजर सोमनाथ शर्मा नोव्हेंबर १९४७ मध्ये बडगामला धारातीर्थी पडले आणि पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी ठरले. २० वे डेक्कन हॉर्स त्याआधी, १४ जुलै १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर हाय वूडजवळ भाले घेऊन दौडले होते.

डिव्हिजन म्हणजे यशाची हमी, असे मात्र समजू नये. सहावी पुणे डिव्हिजन, जिच्यात मराठा पलटणी होत्या, टायग्रिस नदीच्या कडेने बगदादकडे गेली आणि डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा इथे वेढली गेली. तिच्यात पलटणी होत्या, तोफा होत्या, शिस्त होती. पण तिच्यामागे नदीतून धान्य आणायला पुरेशा होड्या नव्हत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोकांनी शरणागती पत्करली. त्याआधी त्यांनी आपली घोडी खाल्ली होती. कागदावर पूर्ण असलेली डिव्हिजन रसद तुटली की पानिपतची छावणी होते.

या पार्श्वभूमीवर १९४८ कडे परत यावे. हैदराबादच्या बाजूला बावीस-चोवीस हजारांचे नियमित सैन्य होते, सिडनी कॉटनने कराचीहून विमानांनी चोरून आणलेली शस्त्रे होती, आणि लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीचे रझाकार होते, ज्यांचे आकडे दोन लाखांपर्यंत सांगितले जातात. संख्या कमी नव्हती. पण सेनापती एल इद्रूसच्या हुकमाखाली रझाकार नव्हते आणि रझाकारांच्या मागे ना तोफा होत्या ना रसद. खर्ड्याचीच ही स्थिती, फक्त मोटारींच्या काळातली. समोर मेजर जनरल जयंतनाथ चौधरींची पहिली चिलखती डिव्हिजन सोलापूरकडून येत होती. चौधरींनी ती जशीच्या तशी वापरली नाही. कामाप्रमाणे तिचे गट पाडले: वेगाने पुढे जाणारा ‘स्ट्राइक फोर्स’, रणगाडे आणि तोफांचा ‘स्मॅश फोर्स’, पायदळ व सफरमैनांचा ‘किल फोर्स’ आणि पाठ राखणारा ‘वीर फोर्स’. १३ सप्टेंबरच्या पहाटे नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि त्याच दुपारी आघाडी सरहद्दीपासून सुमारे साठ किलोमीटर आतल्या उमरग्याला पोहोचली. तुळजापूर घेणारी फौज लोहाऱ्याकडे निघाली तेव्हा मात्र भरलेल्या नदीने तिला अडवले. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरच्या संध्याकाळी, सगळे संपले.

यावर कोणी म्हणेल की हा बांधणीचा विजय कसला, बलाढ्य देशाने एका संस्थानाला नमवले एवढेच. निकालाबद्दल हे खरे आहे. निकाल कधीच संशयात नव्हता. पण पाच दिवसांत आणि तेही भाद्रपदाच्या पावसात तो का लागला, हे संख्येने सांगता येत नाही. एका डिव्हिजनमधला रिसाला, गुरख्यांची एक पलटण, दुसरीकडची तोफ आणि मेवाडच्या संस्थानी पायदळाची तुकडी एकत्र करून नवा गट बनवता आला, कारण त्यांपैकी कोणतीही गोष्ट कोणा सरदाराची नव्हती. सगळ्यांची तलब एका खजिन्यातून आणि पेट्रोल एका साठ्यातून येत होते. भाऊंना विंचूरकरांचे स्वार इब्राहिमखानाच्या हाताखाली देता आले नसते. २०२५ च्या कारगिल विजय दिनी लष्करप्रमुखांनी जाहीर केलेल्या ‘रुद्र’ ब्रिगेडमध्ये पायदळ, रणगाडे, तोफा, विशेष दल आणि ड्रोन कायमचे एकत्र ठेवून त्यांची रसदही त्यांच्यासाठीच बेतायची आहे. चौधरींनी मोहिमेपुरते जे केले ते आता नेहमीसाठी करायचे, असा तिचा अर्थ मी लावतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुक्तीचे श्रेय अशा रीतीने लष्कराच्या बांधणीला दिले तर स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या लोकांचे काय? सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढणारे तरुण, जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून लढ्याला पैसा पुरवणारे कार्यकर्ते, त्यांना भाकरी पोचवणारी गावे? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझ्या युक्तिवादाला तो छेद देत नाही. उमरीचा प्रश्नही शेवटी तलबेचाच होता: लढणाऱ्यांना पोसायचे कसे. निजामाचा खजिना आणि त्याची जनता यांच्यातली फट या लोकांनी इतकी रुंद केली होती, की बाहेरून आलेल्या फौजेला गावागावांत वाटाडे मिळाले आणि निजामाच्या फौजेला मिळाले नाहीत.

पण डिव्हिजनच्या बांधणीत एक उणीव होती, आणि तिची किंमत याच जिल्ह्यांनी मोजली. चिलखती डिव्हिजन रस्ता धरून पुढे जाण्यासाठी बनलेली असते. ती ज्या गावावरून जाते, तिथे मागे थांबून बंदोबस्त ठेवील असा घटक तिच्यात पुरेसा नसतो. रझाकारांचा धाक ओसरला, निजामाची पोलीस ठाणी उठली, आणि मधल्या पोकळीत सूडाचे सत्र सुरू झाले. ज्यांनी रझाकारांची बाजूही घेतली नव्हती अशा हजारो मुसलमान कुटुंबांवर ते कोसळले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून तिने चार जिल्हे नमूद केले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. काही ठिकाणी लष्कर आणि पोलिसांतल्या माणसांनीही यात भाग घेतल्याचे समितीने नोंदवले, आणि त्याच वेळी अनेक लष्करी अधिकाऱ्यांनी लोकांना वाचवल्याचेही. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवण्यात आला होता. १८ सप्टेंबरला इद्रूसची शरणागती घेणारे चौधरी पुढे १९४९ च्या डिसेंबरपर्यंत हैदराबादचे लष्करी गव्हर्नर राहिले. नळदुर्ग ते सिकंदराबाद हा रस्ता त्यांच्या फौजेने पाच दिवसांत कापला होता. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांत पुन्हा ठाणी बसवायला महिने लागले.